नीरा डावा कालवा : बारामती ते इंदापूर

नीरा डावा कालवा हा पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील जुना सिंचन कालवा आहे. पुरंदर तालुक्यातील वीरजवळ तो नीरा नदीतून निघतो, नदीच्या डाव्या अंगाने पूर्वेकडे जातो, बारामती तालुका ओलांडतो आणि इंदापूर तालुक्यात संपतो. त्याची लांबी सुमारे 150 किलोमीटर असून लाभक्षेत्र सुमारे 37 हजार हेक्टर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोदलेल्या या कालव्यातून आजही पाळीपाळीने पाणी सुटते आणि त्यावर ऊस, गहू, मका आणि चारापिके उभी राहतात. गेल्या काही वर्षांपासून त्याचे अस्तरीकरण, जुन्या बांधकामांची दुरुस्ती आणि बारामती शहरातील काठांची सुधारणा टप्प्याटप्प्याने चालू आहे. प्रस्तुत लेखकाने बारामती ते इंदापूर हा टप्पा काठाकाठाने पाहिला. त्या पाहणीच्या आधारे कालव्याची घडण, त्याचा इतिहास आणि आजची कामे यांची ही ओळख.

उगम

नीरा भोर तालुक्यात उगम पावते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात सह्याद्रीचा भरपूर पाऊस पडतो. बारामती आणि इंदापूर मात्र पर्जन्यछायेत येतात. म्हणजे नदी भरून वाहायची आणि काठापासून चार कोसांवरचे शिवार कोरडे राहायचे. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात या भागाची दैना झाली आणि नीरेचे पाणी कालव्याने पूर्वेकडे नेण्याच्या योजनेला जोर आला. वीर येथे बंधारा बांधून 1885 च्या सुमारास कालव्यात पाणी खेळू लागले. पावसाळ्यानंतर नदीचा प्रवाह आटतो, त्यामुळे साठवणाची गरज होती. ती नीरेला मिळणाऱ्या येळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाने भागवली. तेथील जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याच्या नावाने ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. 1928 मध्ये भाटघरला नवे, अधिक उंच धरण पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ते ओळखले जाई. आज त्या जलाशयाला शिवरायांचे सहकारी येसाजी कंक यांचे नाव आहे. 1960 च्या दशकात वीर येथे मोठे धरण झाले, त्यानंतर नीरा देवघर आणि गुंजवणी या धरणांची भर पडली. कालव्याची आजची आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, या साऱ्या साठ्याच्या हिशेबाने ठरतात.

मांडणी

नीरा डावा हा समतल रेषेच्या आधाराने आखलेला कालवा आहे. नदी उतरत जाते, पण कालवा शक्य तेवढी उंची राखून अगदी मंद उताराने चालतो. त्यामुळे पुढे जावे तसे नदी आणि कालवा यांतील अंतर वाढते. या दोहोंच्या मधली जमीन कालव्याच्या पाण्याने नुसत्या उताराने, कोणत्याही पंपाविना भिजू शकते. कालव्याच्या वरच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाला असलेल्या जमिनीला ते पाणी आपोआप मिळत नाही. बारामतीच्या पूर्वेला सेवापथावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की ही गोष्ट डोळ्यांना दिसते. उजव्या हाताला उसाचे गच्च फड आणि डाव्या हाताला बाभळी, माळरान आणि विहिरीच्या जिवावर उभे केलेले तुकडे. उपसा योजना आणि कूपनलिका यांमुळे हा फरक आता पूर्वीइतका ठळक राहिलेला नाही, तरी अनेक ठिकाणी तो टिकून आहे.

मुख्य कालव्यातून फाटे निघतात, फाट्यांतून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेताचे पाट. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी दरवाजा असतो. उत्तरेकडून नदीकडे वाहणारे ओढे कालव्याला आडवे येतात. ते कालव्याखालून काढून देण्यासाठी दगडी मोऱ्या बांधलेल्या आहेत. जुन्या मोऱ्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. काळ्या बेसाल्टचे घडीव दगड चुन्यात बसवलेले आहेत, कमानीचे दगड पाचरीसारखे तासलेले आहेत. सांध्यांतला चुना बोटाने खरवडून पाहिला तरी सुटत नाही. त्याच मोरीला अलीकडे केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याचे पापुद्रे मात्र काही ठिकाणी निघून आले आहेत. दुरुस्ती करताना जुन्या बांधकामाचा स्वभाव ओळखणे का गरजेचे आहे, हे एवढ्यावरून कळते.

पाणीवाटप

कालवा आला म्हणून शेतकऱ्यांनी लगेच पाणी घेतले असे झाले नाही. पाऊस बरा झाला की पाणीपट्टी भरण्याऐवजी जिरायत पिकावर भागवण्याकडे कल असे, आणि टंचाईच्या वर्षी सगळ्यांना एकदमच पाणी हवे असे. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली आणि ती नीरा कालव्यावर अमलात आली. ब्लॉकमधल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या जमिनीच्या गटातल्या, सुमारे एक तृतीयांश क्षेत्रात ऊस घ्यायचा, उरलेल्या क्षेत्रात हंगामी पिके घ्यायची आणि दर वर्षी त्यांची जागा फिरवायची, असा तिचा गाभा. अनेक वर्षांची मंजुरी एकदम मिळाल्याने शेतकऱ्याला पाण्याची शाश्वती आली आणि सरकारला मागणीचा अंदाज आला.

उसाची लागवड वाढवण्यात सासवड माळी बागाईतदारांचा मोठा वाटा होता. त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस आणि गुऱ्हाळे उभी केली. बारामतीची पेठ गुळासाठी नावाजली. 1914 मध्ये दौंड ते बारामती छोटी रेल्वे सुरू झाल्यावर मालाला बाहेरची बाजारपेठ मिळाली. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर ही साखर कारखान्याची वसाहत वसली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात उभे राहिले. नीरेपलीकडे पाडेगाव येथे 1932 पासून ऊस संशोधन केंद्र चालू आहे आणि तेथील वाण महाराष्ट्रभर पोहोचले आहेत.

चोपण जमिनी

पाण्याबरोबर एक दुखणेही आले. खोल काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे जास्त पाणी मिळाले, कालव्यातूनही पाझर होत राहिला आणि भूजलाची पातळी वर चढली. वर आलेल्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावर साचले आणि जमिनी चोपण झाल्या. कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. 1916 मध्ये मुंबई इलाख्यात कालव्यांच्या अशा प्रश्नांसाठी खास सिंचन विभाग स्थापन झाला. अभियंता क्लॉड इंग्लिस यांनी त्यात दीर्घकाळ काम केले आणि त्यातूनच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आकाराला आले.

चोपण जमीन ओळखायला शास्त्रज्ञाची गरज लागत नाही. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी भुकटी दिसते, उसाची वाढ खुंटते आणि फडात मध्येच ओसाड चट्टे पडतात. अशा जमिनीत उघडे किंवा भूमिगत चर काढून खारे पाणी बाहेर काढावे लागते, जिप्सम आणि हिरवळीच्या खतांनी पोत सुधारावा लागतो आणि मुख्य म्हणजे पाणी मोजून द्यावे लागते.

पुनरुज्जीवनाची कामे

दीडशे किलोमीटरच्या मातीच्या कालव्यात वाटेत बरेच पाणी मुरते. गाळ साचतो, काठ खचतात, झाडांची मुळे भरावात शिरतात. परिणामी बारामतीत भरून वाहणारा कालवा इंदापूरच्या शेवटच्या गावांत पोहोचेपर्यंत रोडावतो. टोकाच्या शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. तेच अस्तरीकरणाचे मुख्य कारण.

कामाचा क्रम असा असतो. आधी गाळ आणि झाडोरा काढून कालव्याचा काटछेद मूळ मापात आणतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट काँक्रीट टाकले तर ते तडकते. त्यासाठी मध्ये चांगल्या मुरमाचा थर देऊन तो दाबतात आणि मग तळ आणि बाजू यांवर काँक्रीट करतात. काँक्रीटमागे पाण्याचा दाब साठू नये म्हणून जागोजागी छिद्रे ठेवतात. सोबत दरवाजे बदलणे, मोऱ्या मोकळ्या करणे आणि सेवापथ नीट करणे ही कामे येतात. कालवा वापरात असल्याने हे सगळे दोन आवर्तनांच्या मधल्या काळातच उरकावे लागते. आवर्तनाची तारीख लागली की यंत्रे बाहेर काढावी लागतात आणि उरलेले काम पुढच्या बंद काळावर जाते.

अस्तरीकरणाला काठच्या काही गावांतून विरोधही झाला आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कालव्याचा पाझर ही कागदावर गळती असली, तरी खालच्या अंगाच्या शेकडो विहिरी त्याच पाझरावर चालतात. तीन-चार पिढ्यांनी त्या भरवशावर बागायत केली आहे. एका विहिरीशी प्रस्तुत लेखकाला हे प्रत्यक्ष दिसले. आवर्तन चालू असताना विहिरीच्या कालव्याकडच्या भिंतीतून पाण्याची बारीक धार सुटलेली होती. आवर्तन बंद झाले की चार-आठ दिवसांत ही धार आटते, असे शेतकऱ्याने सांगितले. टोकाच्या गावाचे हक्काचे पाणी आणि मधल्या गावाच्या विहिरीचे पाणी हे शेवटी एकच पाणी आहे. म्हणून पुनरुज्जीवनाचा प्रश्न केवळ काँक्रीटचा नाही. तो वाटणीचाही आहे. ज्या भागात जमीन चोपण झाली तेथे पाझर थांबणे हिताचे, पण ज्या भागात विहिरीशिवाय दुसरा आधार नाही तेथे आधी पर्यायी पाण्याची सोय व्हायला हवी. गावागणिक पाहणी करून निर्णय झाला तरच या कामातून सर्वांना न्याय मिळेल.

कालव्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. मे 2025 च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत बारामतीच्या पूर्वेला पिंपळी-लिमटेक परिसरात कालवा फुटला आणि पाणी काटेवाडीच्या बाजूला पसरले. वरच्या अंगाचे पावसाचे पाणी मोऱ्यांतून न जाता कालव्यात शिरले, की भराव त्याचा भार सोसू शकत नाही. म्हणून मोऱ्या साफ ठेवणे हे अस्तरीकरणाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

काठाने पाहताना

बारामती शहरात तीन हत्ती चौकाच्या परिसरात कालवा थेट वस्तीतून जातो. येथे काठ दगडाने बांधून काढले आहेत आणि चालण्यासाठी मार्ग झाला आहे. आवर्तन चालू असले की संध्याकाळी हवा गार होते, म्हातारी माणसे कठड्याशी बसतात, शाळकरी मुले सायकली थांबवून पाणी बघतात. पूर्वी कचऱ्याने भरणारा काठ शहराची बसायची जागा झाला, हा पुनरुज्जीवनाचा सर्वांना दिसणारा लाभ आहे.

शहर मागे पडल्यावर काटेवाडी, सणसर, भवानीनगर हा पट्टा लागतो. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच भागातून जाते. काटेवाडीला परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे बेलवाडीला गोल रिंगण भरते. उन्हाळ्यात वाळलेल्या शिवारातून आलेल्या माणसाला या पट्ट्यातली हिरवळ विशेष जाणवते.

सणसरच्या पुढे एका फाट्याच्या तोंडाशी पाटबंधारे खात्याचे पाटकरी दरवाजा उचलत होते. लोखंडी आटे असलेला दांडा, त्यावर चावी, आणि दोन माणसांनी मिळून दिलेले पेच. पाणी सुटले तसा आधी कोरड्या चारीतला पाचोळा पुढे ढकलला गेला, मागून गढूळ लाट आली आणि थोड्या वेळाने पाणी निवळले. पाटकऱ्यांनी खुणेच्या पट्टीवर पातळी पाहिली आणि दरवाजा दोन पेच खाली घेतला. “आमच्याकडं जास्त घेतलं की खाली ओरड होती,” असे ते म्हणाले. मोजून पाणी देण्याची सारी व्यवस्था त्या दोन पेचांवर उभी आहे.

इंदापूर तालुक्यात पुढे जावे तसा कालव्याचा काटछेद लहान होत जातो, कारण वाटेतल्या फाट्यांनी पाणी उचललेले असते. शेटफळ हवेलीच्या तलावात कालव्याचे पाणी सोडले जाते आणि भोवतालच्या गावांना त्याचा आधार मिळतो. या भागात अस्तरीकरणाचे मोल लोकांच्या बोलण्यातून कळते. बारामतीत चौकशी होते ती पाणी किती दिवस चालणार याची, येथे विचारतात पाणी कधी पोहोचणार.

भेटीसाठी सूचना

कालवा आवर्तन चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा पाहावा. पाणी असताना त्याचा उपयोग कळतो, कोरडा असताना त्याचे बांधकाम दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास सोयीचा. गाळपाचा हंगाम असल्याने ऊसतोड आणि गुऱ्हाळेही त्याच वेळी पाहता येतात. अस्तरीकरण झालेल्या भागात पाण्यात उतरू नये. काँक्रीटच्या बाजू निसरड्या आणि तीव्र उताराच्या असतात, बाहेर पडायला हाताला काही लागत नाही. दरवाजांना हात लावू नये आणि सेवापथावर वाहन नेण्याआधी पाटबंधारे विभागाची परवानगी घ्यावी.

जुन्या दगडी मोऱ्या, मैलांचे दगड आणि पाटबंधारे खात्याचे बंगले यांची नोंद आणि छायाचित्रे नव्या कामाआधी होणे आवश्यक आहे. काटछेद बदलताना यांतील बरेच काही कायमचे जाऊ शकते. दुष्काळातून उभे राहिलेले हे काम पाणी वाहते ठेवूनच जपायचे आहे, आणि त्यासाठी अभियंता, पाटकरी, मधला शेतकरी आणि टोकाचा शेतकरी या चौघांचे म्हणणे आराखड्यात यायला हवे.