पिवळा दिवा आणि पिवळे पान

कृषी खात्यातल्या नोकरीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "साहेब, पीक पिवळं पडलंय, काय टाकू?" मी विचारतो, कोणती पाने पिवळी आहेत? खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, म्हणजे ज्याला आपण केवडा म्हणतो तो, तर लोह कमी. रानात पाणी साचले तरीही पीक पिवळेच दिसते. रंग एक, कारणे तीन. न बघता युरियाचे पोते फोडणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हल्लीच्या गाड्यांतही असाच एक पिवळा दिवा असतो. इंजिनाचे चित्र असलेला. आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाची पेट्रोलवर चालणारी छोटी मालवाहू गाडी आहे. रोज पहाटे तो गावातली भाजी तालुक्याच्या बाजारात पोहोचवतो. गेल्या हिवाळ्यात तिचा दिवा लागला तो विझेना. पेट्रोल जास्त जाऊ लागले, सकाळी इंजिन अडखळू लागले. एका गॅरेजवाल्याने लांबूनच पाहून मोठ्या खर्चाचा आकडा सांगितला. गाडीचे हप्ते चालू, त्यात हा भुर्दंड. दादांचा गाडीला पहिल्यापासून विरोध. ते म्हणाले, "इकून टाक ती. माझ्या बैलानं कधी दिवा लावला नव्हता." त्यावरून बापलेकांचे बोलणे बंद झाले. वहिनींनी मला निरोप धाडला.

मी काही मिस्त्री नव्हे. पण शोधून मग उपाय करावा, ही सवय नोकरीने लावली आहे. गाडीचे दुखणे वाचणारे एक लहान यंत्र मिळते. स्टिअरिंगखालच्या खाचेत ते बसवले की मोबाइलवर खूण दिसते. पुतण्याने मित्राकडून ते आणले. खूण आली पी ०१३५. म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या आतली, त्याला तापवणारी तार काम करीत नाही.

हा सेन्सर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. जळून गेलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे सेन्सर सतत पाहतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमीजास्त सोडले जाते. सेन्सर चांगला तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून आत ती तार असते. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो गाडीत पहिल्यांदा बसला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींनाही तो असतो. शेतातल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला मात्र तो शोधत बसू नये.

खूण मिळाली तरी आम्ही लगेच सेन्सर आणला नाही. आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग वायर तपासली, कारण भाजीच्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. तीही धड होती. शेवटी सेन्सरचा जोड सोडून तापवणाऱ्या तारेच्या दोन टोकांना मीटर लावला. चांगल्या तारेत थोडा रोध दिसतो, इथे तार तुटल्याचेच दिसले. तेव्हा कुठे नवा सेन्सर आणला, तोही जुन्याचा क्रमांक मिळवून.

खरी परीक्षा पुढे होती. सेन्सर इंजिनामागे, पत्र्याच्या आड, हात जेमतेम शिरेल अशा जागी. आटे गंजून एकजीव झालेले. संध्याकाळी गार पाइपावर गंज सोडवणारे तेल लावून ठेवले. सकाळी पुतण्याने पान्याला लांब पाइप लावून जोर करायची तयारी केली. इतका वेळ ओसरीवर पाठ फिरवून बसलेले दादा तेव्हा उठून आले. म्हणाले, "आरं, चाकाला धाव कशी चढवतात? लोहार आधी तापवतोच ना? गार लोखंडाशी कुस्ती खेळू नको. आटं मोडलं तर पाइपच बदलावा लागंल."

त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद केले. बॅटरीची वायर काढली. हातात जाड मोजे घातले. नवा सेन्सर जुन्याशी ताडून पाहिला होता, म्हणून जुन्याची वायर सरळ कापली आणि बावीस नंबरचा रिंग पाना वरून पूर्ण बसवला. वायरीसाठी फट ठेवलेली गोटी मिळते, पण जोर दिला की ती पसरते. थोडे सोडायचे, थोडे आवळायचे, पुन्हा थोडे सोडायचे. दादा बाजूला बसून बजावत होते, "दमानं. दमानं." अर्ध्या तासाने सेन्सर हातात आला.

नवा बसवताना आटे आधी बोटांनीच फिरवावेत, वाकडे धरले तर पाइप कायमचा बिघडतो. आट्यांना कंपनीने लेप लावलेला असेल तर वेगळा लावू नये, आणि टोकाला तेल, ग्रीस किंवा बोट लागू देऊ नये. वायर तापणाऱ्या पाइपापासून दूर बांधावी. गाडीखाली शिरायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, मजबूत स्टँड लावावेत आणि चाकांना दगड किंवा ओंडके लावावेत. खूण पुसून गाडी चालवून पाहावी. आमचा दिवा पुन्हा लागला नाही. काही आठवड्यांत पेट्रोलचा खर्चही पूर्वीवर आला.

दिवा बंद करण्यासाठी वायर तोडून जोडजुगाड करणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. दिवा विझतो, दुखणे तसेच राहते आणि पेट्रोल जळतच जाते. ज्याच्या हाताला पान्याची सवय नाही त्याने चांगला मिस्त्री गाठावा, पण खूण कोणती आली आणि तपासले काय, हे त्याला जरूर विचारावे. जो हे सांगू शकत नाही, त्याला भाग बदलू देऊ नये.

दादांचा गाडीवरचा राग पुरता गेला आहे असे नाही. पण आता पहाटे गाडी सुरू झाली की ते अंथरुणातूनच मुलाला विचारतात, "दिवा लागला का रं?"