'चविष्ट' म्हणण्याच्या तीन पायऱ्या

१/ 'स्वयंपाक उत्तम झाला आहे' हे वाक्य आजीला सांगा वा धाकट्या भावाला, मराठीत क्रियापद तेच राहते. कोरियन भाषेत तसे होत नाही.

२/ 'मात' म्हणजे चव. मित्राशी बोलताना 'माशिस्सॉ', अपरिचिताशी 'माशिस्सॉयो', औपचारिक प्रसंगी 'माशिस्सुम्निदा'. अर्थ एकच: चविष्ट आहे.

३/ या उतरंडीमागे चोसन राजवटीचा (१३९२ पासून) समाज उभा आहे. तिथे जेवणालाही दर्जानुसार नावे होती: साधे 'बाप', वडीलधाऱ्यांचे 'जिन्जी', राजाचे 'सूरा'.

४/ १८९४ च्या काबो सुधारणांनी जन्मजात वर्गभेद कायद्याने रद्द केले. पुढे राजेशाही गेली, 'सूरा' इतिहासजमा झाले. क्रियापदांचे प्रत्यय मात्र टिकले. आज त्यांची निवड वय, ओळख आणि प्रसंग पाहून होते.

५/ म्हणून नवशिक्याला पहिला घास गिळताच समोरच्याशी आपले नाते ठरवावे लागते. मित्राच्या आजीसमोर 'माशिस्सॉ' म्हटले, तर पदार्थाची स्तुती होते, पण आजीचा मान राहत नाही.

६/ जेवण आटोपल्यावर 'चाल मॉगॉस्सुम्निदा' म्हणण्याची रीत आहे: 'छान जेवलो.' त्यात चवीचा निवाडा नाही. रांधणाऱ्या हातांना मात्र दाद पोचते.