चपला सांभाळायला कोण?

सहलीला निघताना आपण सगळं ठरवतो. गाडी कोणती, मुक्काम कुठं, डब्यात काय. एक गोष्ट मात्र कधीच ठरवत नाही, कारण ती आधीच ठरलेली असते. समुद्र दिसला की मुलं पळतात, त्यांच्यामागं पुरुषमंडळी जातात आणि चपला, बाटल्या नि दशम्यांच्या डब्याजवळ घरातली एक बाई बसते. बहुधा सगळ्यांत वडीलधारी. ‘तुम्ही जाऊन या, मी बसते’ हे ती इतक्यांदा म्हणालेली असते, की पुढं तिला कुणी विचारतही नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही विशाखापट्टणमला गेलो होतो. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तिथं तो समुद्रातून वर येतो. तेवढ्यासाठी तरी पहाटे रामकृष्ण बीचवर जायलाच हवं. पाण्याला ओढ फार, म्हणून पाय भिजवण्यापुरतंच बरं का! संध्याकाळी तिथंच मुरमुऱ्यांचं चटकदार मिक्श्चर मिळतं, अगदी आपल्या भेळेची बहीण.

याच किनाऱ्यावर वाळूत चक्क एक पाणबुडी ठेवली आहे, ‘आयएनएस कुरसुरा’. सोव्हिएत बनावटीची, लांबी सुमारे ९१ मीटर. १९६९ साली नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचं संग्रहालय झालं.

तिकिटं काढताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणे बाकाकडे मोर्चा वळवला. ‘मला काय कळतंय त्यातलं?’ यांनी पिशव्या स्वतःकडे घेतल्या आणि म्हणाले, ‘आई, मी मागून जातो. तू आधी बघून ये.’

आत वाट अरुंद. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माहिती सांगत होते. पाणतीर, बॅटऱ्या, पेरिस्कोप. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. सासूबाई गप्प. मग आलं स्वयंपाकघर. आपली मोरीसुद्धा मोठी म्हणावी एवढंसं! त्यात सुमारे ७५ माणसांचा स्वयंपाक. सासूबाई थबकल्या आणि मोडक्या हिंदीत विचारू लागल्या, ‘पाणी किती मिळायचं? फोडणीचा धूर कुठं जायचा? जहाज हललं तर भांडी?’ ते गृहस्थ खुलले. गोडं पाणी मोजूनमापून असे, आंघोळीची चैन नसे, असं सगळं सांगत राहिले. आमच्या मागची रांग थांबून ऐकत होती. पाणबुडीत माणसं कशी जगत असतील, हे त्या प्रश्नांनी जितकं कळलं तितकं पाणतिरांनी कळलं नव्हतं. सत्तरीच्या बाईला ‘त्यातलं’ चांगलंच कळत होतं. आजवर तिला दारापर्यंत नेलं कुणी नव्हतं, इतकंच.

तेव्हा घरी बसूनच ठरवून टाका, कुठं कोण चपला सांभाळणार ते. आळीपाळीनं. एक ठिकाण यांचं, एक थोरल्या मुलाचं, एक आपलं. पाणबुडीत जाताना साडी जरा वर खोचावी, खांद्याला मोठी पर्स नको. जिने आहेत, सावकाश चढावं. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणी विमान २०१७ पासून पाहायला ठेवलं आहे. गुडघे अगदीच कुरकुरत असतील तर कैलासगिरीवर रोपवेनं जाता येतं. वर शंकर-पार्वतीच्या भव्य पांढऱ्या मूर्ती आहेत आणि खाली सबंध किनारा दिसतो. पाणबुडी आणि विमान पाहण्याची ठिकाणं आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

आणि ‘मी बसते’ असं कुणी म्हणालंच, तर ते लगेच खरं मानू नका. तिच्या हातातली पिशवी आधी आपल्याकडे घ्या. मग पुन्हा एकदा विचारा.