परतीची तार

गेल्या दिवाळीच्या सुटीत एके दुपारी देवबागच्या खाडीकाठाने कोणी वाटसरू गेला असता, तर वाळूवर ओढून घेतलेल्या एका फायबरच्या होडीत त्यास दोन पाय तेवढे दिसले असते. ते पाय आमचे होते. बाकीचे आम्ही होडीच्या कन्सोलमध्ये होतो. ज्या वाचकांस ही वस्तू ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की कन्सोल म्हणजे होडीच्या मध्यावर उभी असलेली कमरेएवढी पेटी. वरती सुकाणूचे चाक, इंजिनाचा दांडा व बटणांची पाटी. पोटात बॅटरी आणि वायरींचे जंजाळ. बाहेरून पाहणारास ती फार नीटनेटकी दिसते. पुष्कळ नीटनेटक्या वस्तूंप्रमाणे तिचाही नीटनेटकेपणा झाकण उघडेपर्यंतच टिकतो.

होडी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तर्कशास्त्राच्या तासास तो मागल्या बाकावर बसे व खिडकीबाहेर पाही; पदवी मिळताच तो त्या खिडकीबाहेर निघून गेला आणि वडिलांच्या मासेमारीच्या जोडीस पर्यटकांना खाडीत व समुद्रावर फिरवण्याचा धंदा करू लागला. होडी त्याने गोव्याहून जुनी घेतली, अर्धी कर्जाने. आम्ही सुटीत त्याच्याकडे उतरतो, त्याच्या घरचे सोलकढी-भात जेवतो, आणि मोबदल्यादाखल उपदेश करतो. हा व्यवहार आजवर दोन्ही पक्षांस मानवला होता.

आश्विनातल्या परतीच्या पावसाने तो बिघडवला. एका रात्री खाडीत नांगरलेल्या होडीवर धो धो पाऊस पडला. अशा वेळी तळाशी पाणी साचले की एक तरंगता स्विच वर उचलला जातो आणि त्यासरशी छोटा पंप चालू होऊन ते पाणी बाहेर टाकतो. मालक घरी झोपला असला तरी चालते. त्या रात्री स्विच वर आला, पण पंपाने पाणी उचलले नाही. पहाटे वडिलांस जाग आली म्हणून बरे. ते पोहोचले तेव्हा होडी काठांपर्यंत बसली होती व मागच्या बाजूचे इंजिन बुडण्यास वीतभर उरले होते. बाप-लेकांनी बादल्यांनी ती उपसली. सकाळी आम्हांस फोन आला, "सर, होडी बसली होती. वाचली." याहून अधिक तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणेच आमच्या मनात रुतून बसले.

कारण त्या पंपाची वायर आम्ही जोडली होती.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तो पंप असाच अडला होता. पंपाची काळी वायर कन्सोलच्या आत तुटली होती. मालवणातून इलेक्ट्रिशियन बोलावू, असे विद्यार्थी म्हणत होता. "यात काय आहे?" असे म्हणून आम्ही चाकूने दोन्ही टोके सोलली, एकमेकांभोवती पिळली, त्यांवर काळी टेप गुंडाळली, आणि पंप सुरू झाल्यावर जमलेल्या मंडळींस ओहमच्या नियमावर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. ओहमने आपला ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध केला हेही आम्ही सांगितले. आपली टेप किती दिवस टिकेल हे मात्र आम्ही सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

म्हणून सुटी लागताच आम्ही गेलो. होडी उपसल्यावर विद्यार्थ्याने पंप पुन्हा चालवून पाहिला होता. तो नुसता गुरगुरे. धंद्याचे दिवस तोंडावर होते.

ज्या कारागिरांनी कन्सोल घडवला त्यांनी त्याच्या पोटात पुन्हा कोणी शिरेल अशी कल्पनाच केली नसावी. समोरच्या झाकणातून एक तर डोके आत जाते किंवा हात जातो. दोन्ही जावयाचे असतील तर उताणे पडून एक खांदा आधी सरकवावा लागतो. आत सुकाणूची जाड केबल निम्मी जागा अडवून असते. घामाने चष्मा घसरतो, आणि हातातून सुटलेला नट तळाच्या पोकळीत घरंगळत जाऊन कोठेसा शेवटचा टिक् असा आवाज करतो. तो आवाज ज्याने ऐकला असेल त्यास आमचे दुःख कळेल. आत जाण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवणे आणि पेट्रोलचा वास येत नाही ना हे पाहणे, ही दोन कामे विद्यार्थ्याने आम्हांस न विचारता केली. तेव्हा आम्ही काही बोललो नाही, पण त्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला.

पेटीत शिरण्याऐवजी बटणांची पाटीच पुढून काढावी हा मार्ग सोपा. चार स्क्रू काढले की ती हातात यावी. पण आमची पाटी दोन बोटे पुढे आली आणि थांबली, कारण मागच्या वायरी कोणीतरी अगदी मोजून-मापून कापल्या होत्या. वायरीस वीतभर ढील ठेवणे म्हणजे पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली जागा असते. ज्याने ही पाटी बसवली त्याच्या हिशेबात असा माणूस नव्हताच. शिवाय रंगांचा काही मेळ नव्हता. अमेरिकेत होड्यांच्या वायरिंगचा जो संकेत आहे त्यात धन वायर लाल व ऋण वायर काळी किंवा पिवळी असते. त्यातही पिवळी बरी, कारण तिकडे घरगुती पुरवठ्याची जिवंत वायर काळी असते आणि एका रंगाने दोन अर्थ सांगावयास लागणे जिवावर बेतू शकते. येथे सहा वायरी काळ्या होत्या व एक निळी. अखेरीस विद्यार्थ्याने आपला मोबाईल हातात धरून आत सरकवला आणि भराभर फोटो घेतले. त्या फोटोंवरून आम्ही कागदावर आकृती काढली. दिवसभरात आमच्या शिक्षणाचा झालेला हा पहिला उपयोग.

आता मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे ती भरलेली. फ्यूज शाबूत. पंपाची दोन टोके सोडवून त्यांवर मीटर धरला, तेथेही १२.६! वायरिंग निर्दोष आहे, दोष पंपातच आहे, असा निष्कर्ष आम्ही मोठ्याने जाहीर केला. मनातल्या मनात आम्हांस हायसे वाटले हे येथे कबूल करतो. पंप सोडवून थेट बॅटरीस लावला, तर तो गरागरा फिरला. वायरिंग ठीक, पंप ठीक, आणि दोन्ही एकत्र केली की पुन्हा गुरगुर. तर्कशास्त्र शिकवण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याच्यापुढे याहून लाजिरवाणी स्थिती कोणती मांडता येईल?

विद्यार्थ्याचे वडील माडाच्या सावलीत जाळे विणत होते. त्यांस सारी वाडी आबा म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांनी मान वर न करता म्हटले, "दोरी भक्कम हा काय नाय, ता वजन लावल्याशिवाय कळणा नाय."

आम्ही ते वाक्य दोनदा मनात म्हटले, आणि मग उठलो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वाटेत एखादा सांधा कुजून नावापुरता उरला असला तरी मीटरपुरता प्रवाह त्यातून सहज येतो आणि आकडा पूर्ण दिसतो. पंप मागतो तीन-चार अँपिअर. तेवढा भार पडला की तोच सांधा सारा दाब स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून पंप जोडलेला ठेवून मोजले, तर त्याच्या वाट्यास जेमतेम साडेतीन व्होल्ट. राहिलेले नऊ कोठे गेले? मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे पंपाच्या काळ्या वायरीवर धरले. तेथे जवळजवळ शून्य दिसावयास हवे, दिसले नऊ. जाणारी वाट धड होती, परतीची वाट मोडली होती. आणि फ्यूज का उडाला नाही? फ्यूज अतिरेकाचा पहारेकरी आहे. प्रवाह कमी पडला तर त्यास त्याचे सोयरसुतक नसते.

सांधा सापडण्यास उशीर लागला नाही. तो कोठे आहे हे आम्हांस ठाऊकच होते. बोट लावले तर तो गरम. वरची टेप विरघळून चिकट झालेली. टेप सोडवताच आतून हिरवे जंगाल भुकटीसारखे गळले. ती पीळ देण्याची रीत, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, आमचीच. विद्यार्थी वाकून पाहत होता. आम्ही म्हणालो, "हा आमचा जॉइंट." तो म्हणाला, "माहीत होतं सर."

"मग त्या दिवशी फोनवर का नाही सांगितलेस?"

तो थोडा वेळ थांबला. "तुम्ही एवढं मन लावून केलं होतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि खरं म्हणजे, सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

टोक कापून नवे सोलले, तर आतले तांबे काळे. आणखी चार बोटे कापले, काळेच. हातभर कापले तरी तेच. साध्या तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा खारट ओल तशीच ओढून घेतो, जशी समईतली वात तेल ओढते. वरचे आवरण नवेकोरे दिसते आणि आत सारे काळवंडत जाते. तांब्याचे व समुद्राचे वैर जुने आहे. हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तांबे वाचले, पण झिजणारे तांबे जे शेवाळ व कालवे मारीत असे ती आता सुखाने वाढू लागली आणि जहाजे मंदावली. एवढ्या मोठ्या पुरुषाचीही समुद्राने अशी थट्टा केली, हे आम्ही विद्यार्थ्यास सांगणार होतो. पण मागचे व्याख्यान आठवले आणि गप्प बसलो.

सबंध वायर बदलणेच भाग होते. होडीस लागते ती कलई केलेल्या तांब्याची वायर. एकेका बारीक तारेवर कथलाचा मुलामा असतो. ती गोव्याहून आणवली, त्यात दोन दिवस गेले व दोन फेऱ्यांची भाडी बुडाली. ते पैसे देण्याचा आम्ही प्रयत्न केला, तेव्हा आबांनी आमच्याकडे असे पाहिले की पाकीट परत खिशात गेले.

पुढचे काम विद्यार्थ्याने केले. आम्ही बॅटरी धरली. जुन्या वायरीच्या टोकास नवी वायर व तिच्यासोबत एक सुतळी बांधून त्याने ती फळ्यांखालच्या नळीतून मागे ओढून घेतली. सुतळी तशीच आत राहू दिली. पुढे कोणास आणखी एखादी वायर न्यावयाची असेल तर ती उपयोगी पडेल. टोकांस डाख दिला नाही. डाख, ज्यास हल्ली सारे सोल्डर म्हणतात, तो तारांत वर चढून त्यांस ताठ करतो आणि होडीच्या थरथरीने वायर नेमकी तेथेच मोडते. त्याऐवजी पकडीने दाबून बसवलेले टोक, आणि त्यावर आतून गोंद असलेली नळी, जी उष्णतेने आक्रसून पाण्यास वाट ठेवीत नाही. पंपाची धन वायर त्याने मुख्य स्विचला वगळून थेट बॅटरीकडे नेली व बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज बसवला. प्रत्येक वायरीस चिठ्ठी लावली. ढीलही भरपूर ठेवली, इतकी की पाटी आता मांडीवर घेऊन बसता येते.

संध्याकाळी होडी पाण्यात लोटली. आबांनी न सांगता चार बादल्या पाणी होडीच्या तळाशी ओतले. स्विच वर आला, पंप घुमू लागला, आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार खाडीत पडू लागली. आम्ही तिघे काही न बोलता ती धार संपेपर्यंत पाहत राहिलो. मग विद्यार्थ्याने दिवे लावून पाहिले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. कन्सोलचे झाकण लावताना एक स्क्रू उरला. तो कोठला हे तिघांसही सांगता येईना. विद्यार्थ्याने तो आमच्या हातावर ठेवला व म्हणाला, "असू दे सर तुमच्याजवळ. मे महिन्यात या, तेव्हा बघू."