फरारी सत्तू

मध्यंतरी उत्तराधुनिक कादंबरीवरचा एक लेख वाचला. जुन्या कादंबरीतलं कोपऱ्यातलं पात्र उचलून त्याच्यावर स्वतंत्र कादंबरी लिहायची, ही त्यातली एक आवडती युक्ती म्हणे. उदाहरण होतं जीन ऱ्हीस या लेखिकेचं. 'जेन एअर'मधल्या, माडीवर कोंडून ठेवलेल्या वेड्या बायकोवर तिने १९६६ मध्ये अख्खी कादंबरी लिहिली.

मला मात्र आठवला आपल्या वारणाकाठचा सत्तू भोसले!

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. ती काही उत्तराधुनिक वगैरे नाही, सरळ गावरान गोष्ट आहे. दुष्काळात माणसं उपाशी मरताना पाहून फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो. सत्तू हा त्यातला आधीच रानात गेलेला बंडखोर. फकिराला साथ देतो, एवढीच त्याची जागा. पण अण्णाभाऊंनी त्याला तिथेच सोडलं नाही. पुढे 'वारणेचा वाघ' लिहून त्याला नायक केलं. त्यावर १९७० मध्ये चित्रपटही आला.

हे महत्त्वाचं का वाटतं, ते सांगतो. पोलिसांच्या दप्तरात सत्तूसारखा माणूस एका ओळीत संपतो. नाव, गाव, गुन्हा. तो रानात का गेला, याला त्या कागदावर रकानाच नसतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर पुढे जाऊन जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. न चुकता हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. देशभरातून तो कायदा १९५२ मध्ये गेला.

आणि गंमत पाहा. ज्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० मध्ये अण्णाभाऊ जन्मले, तो तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचंच १९६० मध्ये सांगली झालं. याच मुलखात प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ मध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली गेली, ती याच मंडळींनी. इंग्रजांच्या लेखी तोही दरोडाच. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण त्यांच्या आधी खजिना लुटणाऱ्या फकिराला, सत्तूला तो शब्द मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला एक लेखक आला, तेवढंच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, भटक्या समाजातला. कुणाची कंपासपेटी हरवली, की पोरांच्या माना आपोआप त्याच्याकडे वळायच्या. पेटी बहुधा घरीच विसरलेली असायची. कायदा जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि ती पोरं कायद्यानंतर जन्मलेली! त्यांना हे कुणी शिकवलं होतं? मी एकदा त्याला वर्गापुढे उभं करून त्याच्या आजोबांची गोष्ट सांगायला लावली. तासभर सांगत होता. पोरं ऐकत राहिली. माना वळणं त्या दिवसापासून थांबलं असं नाही म्हणणार मी, पण कमी झालं.

कोपऱ्यातल्या माणसाला बोलायला पुरेशी पानं द्यावीत, मग त्याला काय म्हणायचं ते ठरवावं. अण्णाभाऊंनी हे केलं, तेव्हा त्या युक्तीचं नाव आमच्याकडे कुणी ऐकलंही नव्हतं.