न भांडणारें घर

आमच्या घरांत भांडण नाहीं, ही गोष्ट मीं यवतमाळांतील स्नेह्यांना इतक्या वेळां सांगितली आहे कीं, ते बिचारे कंटाळले असतील. नवराबायकोनें आवाज चढवूं नये, मुलांनीं वडिलांच्या शब्दाला आडवें जाऊं नये, एवढें झालें कीं संसार निकोप, अशी माझी समजूत होती.

डेव्हिड ऑल्सन या अमेरिकन संशोधकानें सहकाऱ्यांसह 1979 सालीं कुटुंबाच्या प्रकृतीचा एक आराखडा मांडला. त्यांत जिव्हाळा व लवचिकपणा अशीं दोन मापें आहेत, आणि दोहोंचाही अतिरेक अपायकारक मानला आहे. माणसें एकमेकांपासून तुटलेलीं असणें वाईट; तशींच तीं इतकीं गुरफटलेलीं असणें कीं कोणाला स्वतःचें मन उरूं नये, हेंही वाईट. या दोन्ही बाबतींत घराला तोल सांवरतां येतो तो संवादामुळें. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या नांवानें ओळखला जाणारा दुसरा आराखडा तर निकोप घराला अडचणी नसतात असें मानीतच नाहीं. त्या सोडवतां येतात कीं नाहीं, एवढें तो पाहतो.

मला हें सारें पटलें, म्हणजे परक्या घरांविषयीं पटलें. रमाबाई रानड्यांच्या 1910 सालच्या आठवणी वाचतांना, पत्नीला शिकविणाऱ्या न्यायमूर्तींच्या घरांतही वडीलधाऱ्या बायकांचा जाच तिला मुकाट्यानें कां सोसावा लागला, यावर मीं समासांत टिपणें केलीं होतीं!

एका रविवारीं मीं दहाबारा प्रश्न मराठींत लिहून काढले व एक प्रत हिच्यापुढें ठेवली. 'अडचणीच्या वेळीं घरांत मोकळेपणीं बोलणें होतें काय?' माझें उत्तर, 'नेहमीं'. तिचें, 'क्वचित्'. मीं हंसून कारण विचारलें. भाजी निवडतां निवडतां ती म्हणाली, "माझ्या पाटल्या कुठें आहेत, ठाऊक आहे तुम्हांला?"

पाटल्या सोनाराकडे गहाण होत्या. 2017 सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशी खाल्ली, तेव्हां दारव्ह्याकडे शेती करणारा माझा धाकटा भाऊ हिच्याकडे आला होता, माझ्याकडे नव्हे.

"मी रागावलों असतों काय?"

"रागावलां नसतां. व्याख्यान दिलें असतें. भाऊजींना त्याचीच भीति."

शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमींत, कर्ज किती होतें तें घरच्यांनाही ठाऊक नव्हतें, असें वाक्य आमच्या जिल्ह्यांत मीं कितीदां वाचलें होतें! त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

भावाला बोलावून घेतलें. तो बराच वेळ पावसापाण्याचें बोलत राहिला. मी गप्प बसलों. तें मला किती जड गेलें, हें हिनें पाहिलें. चहा निवून गेल्यावर त्यानें आंकडा सांगितला.