दोन रियालचा प्रवास

आम्ही १९९७ साली दोह्यात आलो, तेव्हा वेस्ट बेच्या किनाऱ्यावर शेरेटनचा पिरॅमिड जवळजवळ एकटाच उभा होता. आगगाडी म्हणजे सुट्टीतली भारतवारी. "इथे ट्रेन का नाही?" असे मुलांनी विचारले की "वाळूत रूळ रुततील" असे आम्ही ठोकून द्यायचो. ८ मे २०१९ रोजी मेट्रोची रेड लाइन सुरू झाली आणि आम्ही सपशेल खोटे पडलो. रूळ चक्क जमिनीखालून गेले होते!

त्याच वर्षअखेर गोल्ड आणि ग्रीन लाइनही आल्या. ३७ स्थानके, सुमारे ७६ किलोमीटर, चालकाशिवाय धावणारी जपानी बनावटीची गाडी. डबे तीनच. एकात गोल्ड आणि फॅमिली, उरलेले दोन स्टँडर्ड. फॅमिली आणि स्टँडर्डचे भाडे सारखेच, एका फेरीला दोन रियाल. आम्ही अर्थातच नेहमी फॅमिलीत. दुसऱ्या डब्यात कोण बसते, हे पाहायची वेळच आली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये रत्नागिरीहून आई आल्या. एका शुक्रवारी त्यांना घेऊन अल वक्राला निघालो. मुशेरिबला गाडी बदलताना दारे लागायला आली, म्हणून समोरच्या डब्यात शिरलो. तो निघाला स्टँडर्ड. शुक्रवार म्हणजे कामगारांची सुट्टी, डबा गच्च. आईंना पाहून चौघे एकदम उठले. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या आई खूश!

आमचे बोलणे ऐकून दाराशी उभा असलेला एक जण पुढे आला. "गाव कोनतं म्हनायचं, आज्जी?"

तो लातूरकडचा. फरशीकाम करणारा. मेट्रोच्या स्थानकांवर त्याने दीड वर्ष काम केले होते. "सुट्टीला कधी कधी बघायला येतो," म्हणाला. "एका ठिकाणी एक फरशी केसभर खाली बसलीय. कुनाला दिसत नाही, पन मला खुपते." कोणते स्थानक, ते मात्र सांगितले नाही.

आईंना विषय सापडला. आईंचे माहेर करबुड्याच्या बाजूचे. कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणत होते, तेव्हा सुरुंगाच्या आवाजाने घरातली भांडी कशी वाजायची, ते त्यांनी सांगितले. १९९८ च्या २६ जानेवारीला सगळा मार्ग सुरू झाला. "आमच्याकडे ते काम करताना गेलेल्यांचं स्मारक आहे हो, रत्नागिरीत. श्रमशक्ती स्मारक. जाता-येता मी हात जोडते."

तो काही बोलला नाही. तेवढ्यात गाडी बोगद्यातून वर आली आणि डब्यात ऊन पडले. मग आईंनी घरची चौकशी केली. मुलगी सातवीत आहे. दोन वर्षांत भेट नाही.

बोलता बोलता आपल्या मंडळाच्या गणपतीचा विषय निघाला. त्याने विचारले, "एकट्या मानसाला येऊ देतात का तिथं?"

"अहो, या की! गणपती काय कुणा एकाचा आहे?" आम्ही तत्परतेने म्हणालो. मग आठवले, आपल्या वर्गणीच्या पावतीवर 'प्रति कुटुंब' असे छापलेले असते. इतकी वर्षे ती पावती आम्ही फाडली, पण ते दोन शब्द कधी वाचले नव्हते.

उतरताना त्याचा नंबर घेतला. "फोन करतो," म्हणालो. त्या वर्षी गणपतीला आरास झाली, एकवीस प्रकारच्या मोदकांची स्पर्धा झाली, मुलांची नाटुकली झाली. फोन मात्र राहिला. विसर्जनाच्या रात्री आईंनी रत्नागिरीहून विचारले, "तो लातूरचा आला होता का रे?" तेव्हा आठवण झाली. दुसऱ्या दिवशी नंबर लावला, तर तो बंद.

तेव्हापासून आम्ही शुक्रवारी स्टँडर्डमध्ये बसतो. तो अजून भेटलेला नाही.

मंडळी, दोष कुणाला देत नाही. पावत्या आम्हीच फाडत होतो. विनंती एवढीच, की यंदाच्या पावतीवर 'प्रति कुटुंब'च्या खाली 'प्रति व्यक्ती' असा एक रकाना वाढवावा. आणि कुणाला गाडीत लातूरकडचा, फरशीकडे बघत बसलेला माणूस भेटला, तर त्याला आमच्याकडून आरतीचे आमंत्रण द्यावे. आई दर फोनला विचारतात.